तांबडा मुरूम

वेशीमागची गल्ली, मानवत
६ फेब्रुवारी १९७७

भुजंग भावजी यांस,

तुमच्या वहिनीचा, सरजाबाईचा, आशीर्वाद. सुलाबाईलाही सांगा. इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची रीत आहे, ते लिहिलं असं धरून चाला.

पत्ता सुलाबाईच्या भावाकडून मिळवला. तिच्या माहेरी, चारठाण्याला, माणूस जाणार होता, त्याच्याजवळ निरोप दिला होता. तुम्ही पूर्णेला रेल्वेत लागलात, रुळाखाली खडी भरायच्या गँगमध्ये आहात, हे त्यानंच कळवलं. साडेसहा वर्षांनी मला कळलं.

पत्र कामाचं आहे. आपल्या गल्लीचा रस्ता नव्यानं करायचं ठरलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा गाडी तरी जात होती. आता बाळंतिणीला बाजेवर घालून वेशीपर्यंत न्यावं लागतं. नगरपालिका म्हणते, दगड, मुरूम आणि मजुरी गल्लीनं उभी करावी, रोलर आम्ही दोन दिवस देऊ. नागनाथ गुरुजींनी घरोघर फिरून वाटणी केली. ज्याच्या दारापुढं जेवढे हात रस्ता, तेवढा त्याचा वाटा. ज्याला पैसा जमत नाही त्यानं खडी फोडून द्यायची. मी खडी घेतली. दुष्काळात ह्यांच्याबरोबर सडकेच्या कामावर फोडत होते, ती सवय हातात राहिली आहे.

गुरुजींच्या ओसरीवर बैठक झाली. गुरुजी यादी मांडीवर घेऊन बसले होते, आम्ही बाया समोर. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही शाळेत होता तेव्हा चुलीपुढं पाटी घेऊन बसायचा आणि मी पलीकडून भाकरी थापायची. तुमची पाटी मला उलटी दिसायची, म्हणून अक्षरं मी उलटीच शिकले. पुढं पुस्तक हातात आलं तेव्हा कितीक दिवस मला ते फिरवून धरावं लागलं. तर गुरुजींच्या मांडीवरची यादी मी समोरून वाचली. तुमच्या घरापुढं लिहिलं होतं, 'बंद घर. सोडणे. पाण्याचा उतार तिकडे.'

मी विचारलं, "गुरुजी, भुजंगाच्या दारापुढं रस्ता न्हाई का?"

गुरुजी दचकले. मला वाचता येतं हे त्यांना माहीत आहे, उलटं वाचता येतं हे माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानाचा बन्सीधर म्हणाला, "बंद घराला कशाला रस्ता, वैनी? कुलूप का चालत येणार हाय?" सगळे हसले.

त्यांचं म्हणणं असं की बाकी सगळ्या दारांपुढं नवा थर टाकायचा, तुमच्या दारापुढं टाकायचा नाही. मग गल्लीचं पाणी तिथं साचेल आणि बाकीची दारं कोरडी राहतील. म्हणजे येत्या पावसाळ्यात तुमचं घर बसेल.

म्हणून हे पत्र. एक ओळ लिहून पाठवा, की घर माझं आहे, मी सोडलेलं नाही, रस्ता माझ्या दारापुढंही हवा. पैसे पाठवू नका. नुसती ओळ पुरे.

ह्यांनी जाताना तुमचं नाव घेतलं होतं. तेव्हा मी कळवलं नाही, पत्ता नव्हता.

सरजाबाई


२७ फेब्रुवारी १९७७

भावजी,

पोस्टमन म्हणतो, परत आलं नाही म्हणजे पोचलं. मग पोचलं असेल.

तुमची ओळ आली नाही म्हणून दुसऱ्या बैठकीत मीच बोलले. रस्त्यावर रस्ता घालू नका म्हटलं, जुना उकरून काढा. आपल्या गल्लीची खोड तुम्हाला ठाऊक आहे. दर पोळ्याच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या दारापुढं मुरूम टाकायचा. एकानं टाकला की शेजाऱ्यानं चार बोटं जास्त टाकायचा, पाणी आपल्याकडं येऊ नये म्हणून. मालनबाईच्या घरात आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं, पूर्वी दोन चढाव्या लागायच्या. गल्ली वर आली आणि घरं खाली गेली. आणखी एक थर टाकला तर दोन वर्षांनी हेच.

रस्त्याचं काम सटवाजी गवंड्याकडं दिलं आहे. तो म्हणाला, "बाई खरं बोलायली. पर उकरायचं म्हंजी काम दुप्पट."

बन्सीधर म्हणाला, "दुप्पट कुणी करायचं? वैनीला दिराच्या घराचा उमाळा आलाय, म्हणून आमी गल्ली उकरायची का?"

मालनबाई मला नाव घेऊन बोलली नाही, पण मोठ्यानं बोलली. "ज्यानं आईला पडक्या भितीखाली ठिवलं, त्याच्या घराचा एवढा पुळका कशाला? वर्सभर भाऊ सांगायलाय भित नीट कर म्हणून, ह्यानं केली न्हाई. गेली म्हातारी. आता गेलं घर तर जाऊ द्या."

ओसरीवर कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

हे तुम्हाला कळवायची गरज नव्हती. पण मी तिथं बसले होते आणि खाली बघत होते, हे कुणीतरी तुम्हाला सांगायच्या आधी मीच सांगते.

शेवटी गुरुजींनी हात वर करून घेतले. उकरायच्या बाजूनं एक हात जास्त झाला. गुरुजींच्या बायकोचा होता तो. बन्सीधरनं बाईचा हात धरायचा का म्हणून विचारलं, तर गुरुजी म्हणाले, घरी रोज धरतो, इथंही धरावा लागेल. पण तुमच्या दारापुढच्या एकोणीस हातांचं काहीच ठरलं नाही. ते माझ्या नावावर लिहा म्हटलं. गुरुजी म्हणाले, घरधन्याची संमती लागते. म्हणून पुन्हा विचारते, ओळ पाठवा.

तुमची पडलेली भिंत दुसऱ्या उन्हाळ्यात ह्यांनी उभी केली आहे. तुम्हाला माहीत नसेल. एकट्यांनी केली. मला गारा कालवायलाही हात लावू दिला नाही.

सरजाबाई


१६ मार्च १९७७

भावजी,

परवापासून खोदाई चालू आहे. वेशीकडून सुरुवात केली, काल माझ्या दारापर्यंत आले.

सटवाजीला माती वाचता येते. टिकावानं कड सरळ कापतो आणि बोट लावून सांगतो. "ह्यो खालचा काळा दगड निजामाच्या टायमाचा. त्याच्यावर ही चुलीतली राख, बायांनी टाकल्याली. त्याच्यावर पांढरी चुनखडी, ती सगळ्या गल्लीत हाय." पोरंसोरं, म्हातारे सगळे बघायला येतात.

माझ्या दारापुढं आले आणि चुनखडीच्या वर तांबडा मुरूम लागला. वीतभर जाड, अठरा हात लांब, माझ्या घराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. त्याच्या आधी नाही, पुढं नाही. तुमच्या बाजूनं बघितलं तर बांध घातल्यासारखा दिसत होता.

सटवाजीनं मुरूम चोळून बघितला. "ह्यो इथला न्हाई. ही टेकडीकडची माती. कुणी टाकली, वैनी?"

मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाई."

त्यानं हातातली माती झटकली. "नसंल ठाऊक," म्हणाला आणि टिकाव उचलला. पण तो थर त्यानं काढला नाही. पुढं सरकला.

भावजी, तो मुरूम ह्यांनी टाकला होता. आत्याबाई गेल्या त्या वर्षीच्या आषाढात. भाड्याचा माल पोचवून गाडी रिकामी यायची, येताना टेकडीवरून भरून आणायचे. सहा खेपा केल्या. दर वर्षी जो तो टाकतोच, म्हणून कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. गल्लीचा उतार वेशीकडून ओढ्याकडं आहे, आधी तुमचं दार, मग आमचं. आमच्या दारापुढं वीतभर उंच झाल्यावर वरून येणारं पाणी तुमच्या दारात अडलं. श्रावणात चार दिवस झड लागली. पाणी तुमच्या भिंतीच्या पायाशी चार दिवस उभं होतं.

तुम्ही दोघं बाजारात गेला होता. आत्याबाई भिंतीकडं डोकं करून दुपारच्या पडल्या होत्या.

भिंतीला गिलावा नव्हता हे खरं. पण गिलावा असता तरी ती चार दिवस पाण्यात उभी राहिली नसती. ह्यांना हे त्याच दिवशी कळलं होतं. तरी दहाव्याला नदीवर सगळ्यांपुढं तुम्हाला बोलले, "तुझ्या आळसानं आईला खाल्लं." त्या बोलण्यावर तुम्ही तेरावा झाल्या झाल्या कुलूप लावून गेलात.

आता तुम्हाला कळलं. मला एवढंच सांगायचं होतं.

सरजाबाई


२१ मार्च १९७७

भावजी,

एवढंच सांगायचं होतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं.

मुरूम ह्यांनी टाकला, पण टाका म्हणणारी मी. ओसरीखालच्या पेवात आमची वर्षाची जवारी असायची. आदल्या वर्षी पाणी आत मुरून निम्मी कुजली होती. काळी पडलेली जवारी तुम्हीच माझ्याबरोबर उपसली होती. मी ह्यांच्या मागं लागले. ते म्हणाले, "पाणी भुजंगाच्या दारात उभं ऱ्हाईल." मी म्हणाले, "त्याला कुठं पेव हाय? उंबऱ्याला पाणी लागलं तर लागंल." हे माझे शब्द आहेत. एकही बदललेला नाही.

पेव वाचलं. त्याच जवारीच्या भाकरी आपण सगळ्यांनी तेराव्यापर्यंत खाल्ल्या. तुम्हीही खाल्ल्या. नंतर ह्यांनी ती तोंडाला लावली नाही. दुष्काळात दाणा मिळत नव्हता तेव्हाही पेव उघडू दिलं नाही. शेवटी मी सगळी वाटून टाकली.

आणखी एक. ह्यांनी जाताना तुमचं नाव घेतलं, असं पहिल्या पत्रात लिहिलं. नुसतं नाव घेतलं नव्हतं. म्हणाले होते, "भुजंगाला सांग, भित त्याच्यामुळं पडली न्हाई." मी हो म्हटलं. त्याला तीन वर्षं झाली. पत्ता नव्हता हे खरं नाही. चारठाण्याला निरोप मला तेव्हाही देता आला असता. मला वाटायचं, मेलेल्या माणसाच्या अंगावर कशाला घालायचं. खरं म्हणजे माझ्या अंगावर येईल ही भीती होती. माझं घर बाकीच्यांच्या आधारावर उभं आहे, विधवा बाईला गल्ली लागते. विस्तव मागायला, दळण उचलून द्यायला, मेल्यावर खांदा द्यायला.

शुक्रवारी मी सटवाजीला म्हटलं, "काम थांबवा, गुरुजींना बोलवा, सगळ्यांना बोलवा." तो थर अजून तसाच होता. सगळे कडेनं उभे राहिले. मी खड्ड्यात उतरले आणि त्या मुरमावर हात ठेवून सांगितलं, वर लिहिलं तेवढं सगळं. जवारीचंही सांगितलं.

मग मालनबाई म्हणाली, "म्हंजी सहा वर्सं आमी त्या माणसाला नावं ठिवायलाव."

"व्हय."

"आन तू ऐकायलीस."

"व्हय."

ती वळून घरात गेली. बन्सीधर म्हणाला, "सासू घालून पेव वाचवलं म्हणा की." मी त्यालाही व्हय म्हटलं. गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं, मग खिशातून यादी काढली, 'बंद घर, सोडणे' ही ओळ खोडली आणि तिथं लिहिलं, 'भुजंगचे घर. १९ हात.' ह्या वेळी मी सरळ बाजूनं वाचलं, त्यांच्या शेजारी उभं राहून.

सटवाजीनं टिकाव माझ्या हातात दिला. "पैला घाव तुमी घाला, वैनी. मग आमी काढतो." तो तांबडा मुरूम सगळा काढून ओढ्याच्या काठी टाकला.

तेव्हापासून मालनबाई माझ्याशी बोलत नाही. खडी फोडायला मी खाणीवर जाते तेव्हा दाराला कुलूप घालून जाते, आधी तिला सांगून जायची. चालायचंच.

तुम्ही ओळ पाठवली नाहीत. आता मागत नाही.

सरजाबाई


१५ मे १९७७

भावजी,

परवा तुम्ही येऊन गेलात.

मी खाणीवर होते. शेवटची अर्धी ब्रास राहिली होती, तुमच्या एकोणीस हातांतली. पाच वाजता डोक्यावर पाटी घेऊन आले तर मालनबाई माझ्या दारात बसलेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "पाटी ठिव खाली. तुझा दीर आला हुता."

मी पाटी ठेवली नाही. तशीच उभी राहिले.

"सकाळच्या गाडीनं मानवत रोडला उतरला, तिथून यष्टीनं. इथं आला, कुणाशी बोलला न्हाई. सदरा काढला आन दारापुढली खडी बसवायला लागला. सटवाजी म्हणाला, आमी करतो की. तर म्हणं, तुमाला बसवता येती, दाबता येत न्हाई. एक एक दगुड हातानं फिरवून लावला. ती लोक रुळाखाली लावत्यात तसा."

मी विचारलं, "जेवला?"

"बोलावलं मी. न्हाई आला. पाणी मागितलं. दोन तांबे पेला. सटवाजीनं सांगितलं, वैनी पाचाला येती. चारच्या यष्टीनं गेला."

नंतर ती म्हणाली, "मी त्याला म्हणलं, भुजंगा, आमी तुला लय बोललाव. तर म्हणला, मालनमावशी, मीबी सवताला तेच बोलायलो हुतो."

हे ऐकून मी पाटी खाली ठेवली.

भावजी, सहा वर्षं तुम्हीही तेच मानत होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही आमच्यावर रागावून गेलात. रागावलेल्या माणसाचं एवढं वाईट वाटत नाही. दर रात्री तुम्ही गिलावा न केलेल्या त्या भिंतीकडं बघत झोपत असाल, असं मी एकदाही मनात आणलं नव्हतं. ह्यांनी मरताना सांगितलेलं वाक्य माझ्याजवळ तीन वर्षं होतं. मला क्षमा करा असं लिहिणार नाही. तुम्ही चारच्या यष्टीनं गेलात ते बरोबर केलंत.

तुम्ही गेल्यावर मी तुमचं काम बघितलं. दगडाचं रुंद तोंड खाली, टोक वर, फटीत बारीक खडी ठोकलेली. तुमची हद्द माझ्या घराच्या कोपऱ्याशी संपते. तिथं एक खूण होती, सटवाजीनं चुन्यानं ओढलेली. दगड त्या खुणेच्या पुढं आले आहेत. मी पावलांनी मोजले, माझ्या दारापुढचे सात हात तुम्ही बसवले आहेत. पुढं जायला वेळ राहिला नसेल, की मुद्दाम थांबलात, ते तुम्हाला माहीत.

काल रोलर फिरला. आज सटवाजीनं उतार तपासला. त्यासाठी वेशीत घागर ओततात. सगळी गल्ली पाण्याच्या बरोबर चालत खाली आली, वरातीसारखी. पाणी गुरुजींच्या दारावरून आलं, बन्सीधरच्या दुकानावरून आलं. तुमच्या दाराशी मी पुढं होऊन उभी राहिले. तिथं ते थांबलं नाही. तुमच्या दगडांवरून माझ्या दारापुढं आलं, तिथंही थांबलं नाही, ओढ्याकडं गेलं. बन्सीधरनं आपली दुसरी घागर आणून ओतली, खात्रीसाठी म्हणाला. तीही गेली.

रस्ता खाली गेल्यामुळं तुमच्या दाराची खालची पायरी उघडी पडली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती होती, नंतर कधी मुरमात गेली कळलं नाही. आत्याबाई तिच्यावर बसून तूर निवडायच्या. मधोमध दगड जरा झिजलेला आहे. मी ती घासून धुतली.

दाराचं कुलूप गंजलं होतं. आज त्यात गोडं तेल सोडलं आणि तासाभरानं पुसून घेतलं. आता ते अडणार नाही. किल्ली तुमच्याजवळ आहे.

सरजाबाई